रेघेपर्यंत

बारा वर्षं डेंटलच्या जिन्यावर
माझा हात एकाच कोपऱ्यात फिरला.
ॲसिड, घासणी, पुन्हा ॲसिड.
वर पाटी: येथे थुंकू नये.
खाली सकाळपर्यंत पुन्हा
तांबडी पिचकारी, अजून ओली.

आता मॅडमनी मला शिबिराला घेतलं.
कळमन्याच्या गेटाशी, टिनाच्या शेडखाली टेबल,
थर्माकोलच्या डब्यात बर्फ, नळ्यांचा स्टँड,
आणि माझं काम एवढंच, की म्हणायचं:
थुंका, भाऊ. इथं थुंका.

पहिल्या दिवशी तो शब्द
माझ्या तोंडातून निघेचना.
हमाल हसले. एक म्हणाला,
आजवर थुंकलो तर दंड भरला,
आता बक्षीस काय देता, बाई?

आधी तासभर काही खायचं नाही. चहा नाही.
खर्रा तर नाहीच.
इथंच निम्मे उठून जातात.
खिशात पन्नी करकरते
आणि बोटं आपोआप तिकडं सरकतात,
झोपेतल्या लेकराचा अंगठा तोंडाकडे सरकतो तशी.

होमराज नंदनवार बसला पण,
रिकाम्या पोत्यावर, घड्याळाकडे पाठ करून.
संत्र्याच्या पेट्यांनी घट्टे पडलेला खांदा,
आणि तोंड उघडते ते
त्याचीच दोन बोटं जेमतेम मावतील एवढं.
जांभई देताना दुखते का, मी विचारलं.
"जांभई देतच नाही मी."

तास भरला. नळी दिली.
मान खाली, ओठ सैल,
खाकरायचं नाही, ओढायचं नाही,
जमेल तसं उतरू द्यायचं, या रेघेपर्यंत.
पाच मिनिटं. दहा.
तळाशी फेसाचा एक ठिपका.
"खर्रा असला का सुटते पाणी," तो म्हणाला,
"नाही तं नाही."

मग मी जे केलं
ते कोणत्याच फॉर्मवर नव्हतं.
मी म्हटलं, चिंच.
गाभुळलेली. मीठ लावून.
काही नाही.
कवठ, गूळ घालून कालवलेलं.
काही नाही.
होमराजभाऊ, तर्री-पोहे.
चण्याची तर्री, वर लाल तवंग,
ठेलेवाला लिंबू पिळून राहिला...

त्यानं डोळे मिटले.
"दोन वर्षं झाली," तो नळीतच बोलला,
"आग होते तोंडाची. घरी माझी भाजी वेगळी शिजते,
पांढरी."
आणि बोलता बोलता त्याच्या ओठावरून
एक तार उतरली, उन्हात चमकली,
रेघेला टेकली.
जिभेला जे सोसत नाही
त्याची आठवण तिला सोसते.

झाकण लावलं. आम्ही नाव लिहीत नाही,
आकडा लिहितो: एकशे सात.
"यात दिसते का?"
शिकवलं तेवढंच सांगितलं:
यात हो किंवा नाही नसते.
आत कोणी कुजबुजून राहिलं असेल
तर ते ओरडायच्या आधी ऐकू येते का,
एवढं मॅडम तपासून राहिल्या. त्याही शिकूनच राहिल्या.
नळीत काही का येईना, उद्या डेंटलला तोंड दाखवा.
दोन बोटांच्या तोंडाला आकड्याची वाट पाहायची नसते.

माझा धनराज त्याच जिन्यानं वर चढला होता,
चढण्याआधी कोपऱ्यात थुंकून.
दुसऱ्या दिवशी तो डाग मीच पुसला.
त्यात काय काय सांगितलेलं असेल.
मी ॲसिड ओतलं.

होमराज उठला. खिशात पन्नी वाजली.
"झाला नं तास? आता खाऊ?"
चेष्टा नव्हती त्यात, खरंच विचारून राहिला होता.
मी म्हटलं, अजून एक तास बसा.
"कायले?"
कवठाचं अर्धवट राहिलं, मी म्हटलं,
आणि पोतं झटकून
पुन्हा सावलीत टाकलं.